लोर्दाग: न्हाण्याचा वार

स्कँडिनेव्हियातले बहुतेक वार देवांच्या नावाचे. मंगळवार ट्यूरचा, बुधवार ओडिनचा, गुरुवार थॉरचा, शुक्रवार ओडिनची पत्नी फ्रिग हिचा. रविवार-सोमवार आपल्यासारखेच सूर्य-चंद्राचे. शनिवारच्या वाट्याला मात्र ना देव आला, ना ग्रह. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत त्याला ‘लोर्दाग’ म्हणतात. त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेतला ‘लाउगारदाग्र’: न्हाण्याचा दिवस.

ग्रहांवरून वार मोजण्याची पद्धत रोमनांकडून उत्तरेला गेली. तिथल्या लोकांनी रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. शनीच्या तोडीचा देव काही त्यांना सापडला नाही. इंग्रजीने शनीचंच नाव ठेवून घेतलं, आपणही शनिवारच म्हणतो. नॉर्स लोकांनी त्या दिवशी घरोघरी जे चालायचं, तेच नाव वाराला दिलं.

वायकिंग म्हटलं की जटा वाढलेले, मळकट दांडगट डोळ्यांपुढे येतात. पण 13व्या शतकातल्या, वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बखरीतली तक्रार अगदी उलटी आहे: हे डेन लोक (म्हणजे इंग्लंडात आलेले वायकिंग) रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, वरचेवर कपडे बदलतात आणि आमच्या बायकांना भुरळ घालतात! वायकिंगांच्या थडग्यांतून हरणांच्या शिंगांचे बारीक दातांचे कंगवेही निघाले आहेत.

आइसलँडमध्ये तर जमिनीतूनच गरम पाणी येतं. रेकहोल्ट गावात इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसनचं दगडी न्हाणीकुंड आजही दाखवतात. स्नोरी 1241 मध्ये मारला गेला. त्याच्याही आधी, 12व्या शतकाच्या सुरुवातीला, होलारचा बिशप योन ओग्मुंडसन याने वारांमधली जुन्या देवांची नावं काढून टाकायला लावली, असं परंपरा सांगते. म्हणून आइसलँडिकमध्ये मंगळवार ‘तिसरा दिवस’, गुरुवार ‘पाचवा दिवस’ आणि शुक्रवार ‘उपासाचा दिवस’ झाला. शनिवार तसाच राहिला. त्याच्या नावात देवच नव्हता, मग बिशप हरकत तरी कशाला घेणार?

शेजारच्या फिनिश भाषेनेही हा शब्द उचलला आणि ‘लाउआन्ताई’ केला. शनिवारी संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापवायची रीत फिनलंडमध्ये आजही घरोघरी पाळतात.