तीन भाषांचे एक मंत्रिमंडळ

हैदराबाद संस्थानचा इतिहास म्हटला की आपण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपाशी येऊन थांबतो. पुढची आठ वर्षे आपल्या स्मरणातून जवळजवळ गळून गेली आहेत. वस्तुतः नांदेड आणि लातूर आज ज्या राज्यात आहेत, ते त्या आठ वर्षांतील राजकारणामुळे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. सहा आमदार उठून समोरच्या बाकांवर बसले असते, तरी सरकार कोसळले असते! राज्यात सोळा जिल्हे. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कानडी मुलखातले, आणि कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या उर्दू. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव तेलुगु, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू मराठी, मंत्री अण्णाराव गणमुखी कानडी. आघाडीचे सरकार असे त्याला कोणी म्हटले नाही, कारण पक्ष एकच होता. परंतु तीन भाषांना सांभाळून चालण्याची कसरत आघाडीचीच होती.

ती साधली कशी? याचे उत्तर मागे शोधावे लागते. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, ती १९४६ पर्यंत टिकली. मधल्या काळात राजकारण चालले ते भाषावार परिषदांतून. आपली महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली, मग लातूरला, १९४१ साली उमरीला. आंध्र आणि कर्नाटक परिषदा आपापल्या मुलखात भरत. म्हणजे कार्यकर्ता घडला तो मातृभाषेत. पण पुढे काँग्रेसमध्ये जे दोन तट पडले, ते भाषेच्या रेषेवर पडले नाहीत, हे विशेष होय. मराठी बिंदू हे तेलुगु बुर्गुलांच्या गटात. तर तेलंगणाचे पी. व्ही. नरसिंहराव, जे पुढे पंतप्रधान झाले, ते स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायी. भांडण होते, पण भांडणाऱ्या प्रत्येक बाजूला तिन्ही भाषांची माणसे होती. माझ्या मते ते मंत्रिमंडळ टिकले ते या आडव्या धाग्यांमुळे.

मग राज्य मोडले का? द्वेषाने नव्हे. उर्दू मागे सरली, तेव्हा शाळेत आणि न्यायालयात तिच्या जागी कोणती भाषा आणावयाची, याचे तिन्ही मुलखांना पटेल असे एक उत्तर नव्हते. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले आणि तेलंगणाची नजर तिकडे वळली. नेहरूंच्या मनात हैदराबाद मोडावयाचे नव्हते. स्वामीजींनी मात्र विभाजनाचा आग्रह सोडला नाही. फाजलअली आयोगाने १९५५ साली विभाजनाचीच शिफारस केली.

बेल्जममध्ये नेमके उलट घडले. तेथे डच आणि फ्रेंच भाषिकांच्या वादात १९६८ साली लुव्हेन विद्यापीठावरून मंत्रिमंडळ पडले, आणि दहा वर्षांत कॅथलिक, उदारमतवादी व समाजवादी हे तिन्ही मोठे पक्ष भाषेवरून दुभंगले. देश एक राहिला, पक्ष फुटले; आडवे धागे तुटले. २०१०-११ मध्ये तेथे मंत्रिमंडळ जमावयाला ५४१ दिवस लागले. आपल्याकडे पक्ष एक राहिला आणि राज्य फुटले.

या फुटण्याची किंमत नकाशावर दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याकडे आले. भालकी, औराद म्हैसूरकडे गेले. अदिलाबादेतून किनवट आले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा, जुक्कल आंध्राकडे गेली. भैंशाच्या बाजारात मराठी आजही कानी पडते. बेल्जममध्ये १९६३ साली अशीच सहा खेडी एका प्रांतातून दुसऱ्यात गेली, आणि त्यांच्या प्रश्नावरून १९८७ साली अख्खे सरकार गेले. भैंशासाठी कोणतेही मंत्रिमंडळ पडले नाही. पडावयाला तसे सामाईक मंत्रिमंडळ उरलेच नव्हते.

आणि आपण गेलो कोठे? महाराष्ट्रात नव्हे, तर गुजरातसह उभ्या केलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यात! १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. ही समितीही आघाडीच. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, जनसंघ अशा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांची. तरीही ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर आली, ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. भाषावार राज्यासाठी हैदराबाद सोडणाऱ्या मराठवाड्याने दुसऱ्या एका बहुभाषिक सरकारला खांदा दिला. कारण येथल्या मतदाराच्या लेखी काँग्रेस म्हणजे निजामाविरुद्ध लढलेली, ओळखीची माणसे. स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले होते. १९५७ साली ते औरंगाबादहून उभे राहिले आणि काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आले. गुलबर्गा तोवर म्हैसूर राज्यात गेले होते. १ मे १९६० रोजी द्विभाषिकही मोडले, आणि नांदेडच्या माणसाने घर न हलवता चार वर्षांच्या आत तिसऱ्या राज्यात पाऊल ठेवले.