मैदानात हिंदू, पंगतीत अस्पृश्य : पालवणकर बंधूंचा इतिहास

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. शिवजयंतीला भरतात, भीमजयंतीलाही भरतात. मैदानाच्या कडेला गप्पा रंगतात आणि आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "खेळात कुठे आहे आरक्षण? तिथे फक्त गुणवत्ता चालते. खेळात जात नसते." या वाक्याला उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ते आम्ही इथे मांडतो आहोत.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार समाजातला. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते पुण्यात क्रिकेट शिकले. आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे नेटमध्ये ते जे. जी. ग्रेग या नामवंत इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करत. डावखुरी फिरकी अशी तयार झाली की गावभर नाव झाले. पण फलंदाजी ही साहेबांची मक्तेदारी. बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाला कळत होते. पण घ्यायचे कसे? तेलुगू सदस्य तयार होते, मराठी ब्राह्मण सदस्यांपैकी काहींचा विरोध होता. शेवटी घेतले. मैदानात सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावला. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत, कपबशी घेऊन. बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. हा कोणत्या शास्त्राचा नियम?

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला गेले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि धाकटा भाऊ शिवरामही होता. देशभर जल्लोष झाला. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही हिंदू संघात आले.

१९११ साली हिंदू, मुस्लिम आणि पारशी खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे एकोणीस. बाळू पस्तिशीचे. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी घेतले. टॉन्टनला सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले आणि तो सामना भारतीयांनी जिंकला. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांचाही सहभाग होता.

आता गुणवत्तावाल्यांनी सांगावे, यापुढे आणखी कोणती गुणवत्ता सिद्ध करायची राहिली होती? तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान बाळूंचा होता असे स्वतः पै यांनीच जाहीरपणे सांगितले. पै प्रामाणिक होते. पण निवड समिती त्यांच्या प्रामाणिकपणावर चालत नव्हती.

१९२० साली स्पर्धेत बाळूंना वगळले गेले. पै खेळू शकत नव्हते, तर कर्णधारपद विठ्ठल यांच्याऐवजी दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपला अपमान होतो, असे जाहीर निवेदन काढले. वर्तमानपत्रांत वाद पेटला. निवड समितीला नमावे लागले. दोघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ जिंकला, प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

१९०६ ते १९२३. सतरा वर्षे बळी आणि धावा बोलतच होत्या. दार उघडले ते भावांनी 'आम्ही खेळणार नाही' म्हटल्यावर. गुणवत्ता होती म्हणून माघारीला वजन आले हे खरे. पण नुसत्या गुणवत्तेने हक्क मिळाला असता, तर तो बाळूंनाच मिळाला असता.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. युरोपियनांशी सामना असताना पालवणकर 'हिंदू' होते. चहाच्या वेळी ते हिंदू नव्हते. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी जो प्रश्न लावून धरला, तो हाच होता : मोजायला आम्ही तुमचे, मग सत्तेत आणि सन्मानात आमचा वाटा कुठे?

इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. बाळू पालवणकर पुढे बाबासाहेबांच्या बाजूला राहिले नाहीत. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते पडले. ज्या संघाने त्यांना कधी कर्णधार केले नाही, त्याच समाजाच्या नेतृत्वावर त्यांनी विश्वास ठेवला. आम्हाला ते पटत नाही. पण म्हणून त्यांचा अपमान खोटा ठरत नाही आणि त्यांची गोलंदाजीही खोटी ठरत नाही. ज्यांनी त्यांना बाहेर चहा दिला, त्यांच्याच तिकिटावर ते उभे राहिले म्हणून आपण त्यांना विसरायचे, हा हिशेब कोणाच्या फायद्याचा?

विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. १९५५ साली बाळू गेले. आज आमच्या भागातल्या किती खेळणाऱ्या पोरांना ही नावे माहीत आहेत?

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर इथल्या मंडळांना आमची विनंती आहे. पुढच्या भीमजयंतीच्या स्पर्धेत उत्कृष्ट गोलंदाजाच्या चषकाला बाळू पालवणकरांचे नाव द्या. बक्षीस देताना दोन मिनिटे हा इतिहास सांगा. आणि 'खेळात जात नसते' असे कोणी म्हणाले, तर भांडू नका. फक्त विचारा : मग बाळू चहा कुठे पीत होते?

जय भीम!