जुनी आलिशान हायब्रीड एसयूव्ही : खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

नवी असताना कोटीच्या घरात असलेली गाडी सहा-सात वर्षांनी बऱ्याच कमी किमतीत बाजारात येते, तेव्हा तिच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविकच. पुण्या-मुंबईतील पहिल्या मालकाने जपून वापरलेली, आवाज न करता चालणारी, पेट्रोलही बेताने पिणारी आलिशान हायब्रीड एसयूव्ही अशा वेळी मोह पाडते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बागायती पट्ट्यात अशा गाड्यांना ग्राहक आहे. मात्र व्यवहार करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. काळाबरोबर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही. कोटीच्या गाडीची दुरुस्ती अखेरपर्यंत कोटीच्या गाडीच्याच दराने होते.

हायब्रीड म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार यांच्या संयुक्त बळावर चालणारे वाहन म्हणजे हायब्रीड. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये ‘प्रियस’ बाजारात आणली आणि हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरात आले. त्याच समूहातील लेक्ससने २००५ मध्ये ‘आरएक्स ४००एच’ ही आलिशान हायब्रीड एसयूव्ही विक्रीस आणली. भारतात प्रियस २०१० मध्ये आली. लेक्ससने मार्च २०१७ मध्ये ‘आरएक्स ४५०एच’सह भारतात पाऊल ठेवले आणि पाठोपाठ ‘एनएक्स ३००एच’ आली. त्याआधी, २०१६ मध्ये व्होल्वोने ‘एक्ससी ९० टी८’ सादर केली होती. आज जुन्या बाजारात आढळणाऱ्या आलिशान हायब्रीड एसयूव्हींमध्ये या गाड्यांचा समावेश होतो.

या गाड्या एकाच प्रकारच्या नाहीत. लेक्ससच्या या दोन्ही गाड्या ‘पूर्ण हायब्रीड’ आहेत. त्यांना बाहेरून वीज लागत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाची अतिरिक्त शक्ती यांतून बॅटरी भरते. व्होल्वोची टी८ ‘प्लग-इन’ प्रकारातील आहे. तिची लिथियम-आयन बॅटरी मोठी असून ती घरच्या विजेवर चार्ज करायची असते. चार्ज न करता ती वापरली, तर जड बॅटरीचे ओझे वाहणारी पेट्रोल गाडी एवढेच तिचे स्वरूप उरते. तिसरा प्रकार ‘सौम्य हायब्रीड’चा. त्यात लहान मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते आणि इंधनाची बचतही मर्यादित असते. विक्रेता ‘हायब्रीड’ म्हणतो, तेव्हा ती या तिघांपैकी कोणती, हा पहिला प्रश्न विचारावा.

बचतीचा हिशेब

हायब्रीडचा खरा लाभ थांबत-थांबत चालण्यात आहे. पुण्यातील हडपसरच्या कोंडीत इंजिन बंद राहते, गाडी मोटारीवर सरकते आणि प्रत्येक ब्रेकबरोबर थोडी वीज परत मिळते. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणहून इंदापूरकडे एका वेगाने जाताना ब्रेक फारसा लागतच नाही. त्यामुळे तेथे बराचसा भार इंजिनच वाहते आणि बचत घटते. म्हणूनच आपली गाडी बहुतांशी शहरात धावणार की महामार्गावर, याचे उत्तर ग्राहकाने आधी शोधावे.

एक उदाहरण घेऊ. वर्षाला १५ हजार किलोमीटर धाव, साध्या पेट्रोल एसयूव्हीचे लिटरला ९ किलोमीटर, हायब्रीडचे १४ किलोमीटर आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला, तर वर्षाला सुमारे ५९५ लिटर पेट्रोल, म्हणजे साडेबासष्ट हजार रुपये वाचतात. आता मुख्य बॅटरी आणि तिच्याशी निगडित कामांवर कधी काळी चार लाख रुपये खर्च झाले असे धरले, तर तो खर्च भरून निघण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. गाडी महामार्गावरच अधिक धावत असेल, तर आणखी जास्त. केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी अशी गाडी घेणे त्यामुळे परवडत नाही. आराम, शांतता आणि टिकाऊपणा यांसाठी ती घ्यावी आणि बॅटरीची रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला टाकत जावी.

नव्या गाड्यांवरील कराचाही जुन्या गाडीच्या भावाशी संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रीड गाड्यांवरील एकूण करभार ४३ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्यापूर्वीच्या दरांवर बेतलेली किंमत विक्रेता सांगत असल्यास घासाघीस करण्यास वाव आहे.

कागदपत्रांची छाननी

जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का, हे इथला शेतकरी प्रथम पाहतो. गाडीच्या नोंदणी पुस्तिकेलाही तोच न्याय लावावा. वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर संस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. बारामती आणि इंदापूरचे वाहनधारक ‘एमएच ४२’ या क्रमांकाच्या बारामती कार्यालयाच्या कक्षेत येतात.

गाडी परराज्यातील असल्यास विशेष सावध राहावे. दिल्लीतील गाडी स्वस्त दिसते. पण तेथील कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा वाहन कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च मिळवल्यावर ती स्वस्ताई बरीच विरून जाते. थकलेले ई-चलन, विम्याची मुदत, पीयूसी आणि मालकाचा अनुक्रमांक ‘वाहन’ संकेतस्थळावर तपासता येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, हेही पाहावे. विमा खरेदीनंतर १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते. ती गाडीबरोबर मिळत नाही.

हायब्रीड म्हणजे विद्युत वाहन नव्हे, हेही स्पष्ट असावे. पूर्ण हायब्रीडला हिरवी नोंदणी पाटी मिळत नाही आणि विद्युत वाहनांना मिळणारी पथकरमाफीही लागू होत नाही.

बॅटरीची परीक्षा

आरएक्सच्या मुख्य बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे २४० सेल असून त्यांचा एकत्रित दाब २८८ व्होल्ट असतो. मोटारीला पुरवठा करताना हा दाब ६५० व्होल्टपर्यंत वाढवला जातो. ही बॅटरी कधीच पूर्ण भरली किंवा पूर्ण रिकामी केली जात नाही, म्हणून ती दीर्घकाळ टिकते. तिचा शत्रू एकच, उष्णता.

व्यवहारापूर्वी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात स्कॅनरला जोडून बॅटरीच्या प्रत्येक गटाचा दाब पाहावा. एखादा गट इतरांपेक्षा सतत मागे पडत असेल, तर बॅटरी उताराला लागली आहे असे समजावे. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाहावी आणि दुपारच्या उन्हात एसी लावून तासभर चालवावी. बॅटरीचा दर्शक झपाट्याने भरत आणि झपाट्याने उतरत असेल, अथवा मागच्या बाजूचा पंखा सतत मोठ्याने घोंगावत असेल, तर तो धोक्याचा इशारा होय. सर्व्हिसच्या नोंदी अखंड आहेत का आणि दोन्ही चाव्या मिळत आहेत का, याचीही खातरजमा करावी.

धूळ, ऊन आणि उंदीर

सुपे, मोरगाव, कऱ्हाटी या जिरायती भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि धूळ तर वर्षभराची. आरएक्स, एनएक्ससारख्या गाड्यांची बॅटरी मागच्या आसनाखाली असते आणि गाडीच्या आतील हवाच तिला थंड ठेवते. आसनाजवळील जाळीतून पंखा ही हवा खेचतो. जाळी धुळीने तुंबली किंवा तिच्यासमोर पिशव्या, पोती, चादरी ठेवल्या, की बॅटरी आतल्या आत तापते. बॅटरी अकाली निकामी होण्याचे हे साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. जाळी दर महिन्याला पुसावी आणि प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी पंख्याची सफाई आग्रहाने करून घ्यावी. गाडी उन्हात उभी राहिली असेल, तर काचा उघडून कोंडलेली हवा आधी बाहेर काढावी.

बागायती पट्ट्यातील अडचण निराळी आहे. ऊसतोड झाली, की शेतातले उंदीर आसरा शोधत वस्तीकडे येतात. बोनेटखालची उबदार जागा त्यांना मानवते. नारिंगी आवरणातील उच्चदाबाची केबल कुरतडली गेल्यास तिला चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. संपूर्ण केबल बदलावी लागते. गाडी पाचट, वैरण किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी करू नये. दर आठवड्याला बोनेट उघडून पाहावे.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

तेल बदलणे, टायर, निलंबन यांसारखी कामे कुशल स्थानिक मेकॅनिक करू शकतो. मात्र तीन कामे प्रशिक्षित माणसाकडेच द्यावीत.

पहिले, नारिंगी केबलशी संबंधित कोणतेही काम. सुरक्षा प्लग काढल्यानंतरही इन्व्हर्टरमधील साठलेला दाब उतरण्यास काही मिनिटे जावी लागतात. घाई केल्यास जीव जाऊ शकतो.

दुसरे, एसी. येथील कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, उच्चदाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात वीजरोधक गुणधर्माचे खास तेल असते. साध्या गाडीचे तेल त्यात पडले, तर वीजरोध कमी होतो, गाडी बिघाडाचा दिवा दाखवते आणि संपूर्ण यंत्रणा बदलण्याची पाळी येऊ शकते.

तिसरे, ब्रेक. मोटारच वेग कमी करत असल्याने ब्रेक पॅड बराच काळ टिकतात. पण ब्रेक ऑइल वेळापत्रकानुसार बदलावे लागते आणि त्या कामाला स्कॅनर लागतो.

इन्व्हर्टरसाठी इंजिनाहून स्वतंत्र कूलंट असते, हे अनेकदा विसरले जाते. त्याची पातळी आणि बदलण्याची मुदत वेगळी नोंदवून ठेवावी. १२ व्होल्टची लहान बॅटरीही दुर्लक्षित राहते. ती उतरली, तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर मधूनमधून तिला ‘रेडी’ अवस्थेत चालू ठेवावे.

ट्रॅक्टरने ओढू नये

ग्रामीण भागात बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा प्रघात आहे. हायब्रीडच्या बाबतीत तो महागात पडतो. चाके फिरली, की त्यांना जोडलेली मोटारही फिरते आणि वीज निर्माण करते. त्यातून मोटार व इन्व्हर्टरची हानी होऊ शकते. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी तर पाठीवर घेणाऱ्या ट्रकवरूनच न्यावी. अशा ट्रकची सेवा देणाऱ्या विमा कंपनीचा क्रमांक गाडीत ठेवावा. त्याचप्रमाणे या गाडीच्या लहान बॅटरीवरून ट्रॅक्टर किंवा दुसरे वाहन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

आणखी एक दक्षता घरच्यांनी घ्यायची आहे. ‘रेडी’ दिवा लागलेला असताना गाडी आवाज न करता उभी असते आणि इंजिन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते. अंगणात मुले आणि जनावरे असतात. म्हणून उतरण्यापूर्वी आणि बोनेट उघडण्यापूर्वी तो दिवा विझल्याची खात्री करावी.

उसाचे इंधन

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यातील काही वाटा उसापासून येतो, ही या भागासाठी जिव्हाळ्याची बाब. मात्र २०१७-१८ मधील गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. इंधनटाकीच्या झाकणावरील सूचना आणि मार्गदर्शक पुस्तिका वाचून आपली गाडी किती प्रमाणापर्यंत चालते, हे पाहावे. इथेनॉल ओलावा शोषून घेते. म्हणून बंद गाडीत जुने पेट्रोल महिनोन्महिने राहू देऊ नये. रबरी नळ्या प्रत्येक सर्व्हिसला तपासून घ्याव्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रीड इनोव्हाचे प्रारूप दिल्लीत सादर केले. ऊस आणि हायब्रीड यांचे नाते पुढे घट्ट होण्याची शक्यता आहे. पण त्याचा लाभ आजच्या जुन्या गाडीला मिळणार नाही.

निकामी झालेली मुख्य बॅटरी भंगारवाल्याला विकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बदलीच्या वेळी सेवाकेंद्राकडून तशी पावती मागून घ्यावी.

जुनी हायब्रीड एसयूव्ही ही नीट निगा राखणाऱ्याला अनेक वर्षे साथ देणारी गाडी आहे. मात्र तिची किंमत विक्रेत्याला दिलेल्या रकमेपाशी संपत नाही. ज्याच्याकडे ती घेतल्यानंतरही बॅटरीइतकी रक्कम शिल्लक राहते, जवळच्या मोठ्या शहरातील सेवाकेंद्रापर्यंत जाण्याची ज्याची तयारी आहे आणि मागच्या आसनाजवळची छोटी जाळी पुसण्याइतकी फुरसत ज्याला आहे, त्यानेच हा व्यवहार करावा.