सैरबिनींतील जोडचित्रें आणि तीं बसविणारे हात

मनुष्यास डोळे दोन, परंतु त्यास दिसणारें जग एकच. हें कसें घडतें, याचा उलगडा चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें सन १८३८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. आपल्या दोन डोळ्यांमध्यें सुमारें ६५ मिलिमीटर अंतर असल्यामुळें प्रत्येकास वस्तु किंचित् निराळी दिसते, व मन त्या दोन चित्रांचें एक करून जवळ-दूरपणा जाणतें. अशीं दोन चित्रें काढून एकेका डोळ्यास एकेक दाखविलीं असतां सपाट कागदावरही खोली उत्पन्न होते. पुढील वर्षीं छायाचित्रणकला जगापुढें आली, आणि ब्रूस्टर यांनीं सन १८४९ मध्यें भिंगांची सुटसुटीत पेटी योजली. हीच आपल्याकडील सैरबीन.

या यंत्राच्या प्रसारांत एका कॅथॉलिक धर्मगुरूचा वांटा आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस कदाचित् नवी वाटेल. पॅरिस येथील आबे मोइन्यो हे विज्ञानाचे मोठे प्रचारक. ब्रूस्टर यांची पेटी सन १८५० मध्यें तेथें येतांच त्यांनीं ती थोर पंडितांच्या दारोदार नेली. असें सांगतात कीं, आरागो यांस एकाच्या दोन वस्तु दिसण्याचा विकार होता व पुइये तिरळे होते, म्हणून त्या थोर पुरुषांस त्या पेटींत कांहींच नवल दिसेना. अखेर रेन्यो यांचे दोन्ही डोळे धड निघाले व मोइन्यो यांचे श्रम फळास आले. सन १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनांत व्हिक्टोरिया राणीनें ही पेटी वाखाणली, आणि मग तिचा प्रसार वेगानें झाला.

आपल्या प्रांतींही चित्रकाचांचा नाद लवकरच लागला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी सन १८५४ मध्यें स्थापन झाली. तिचे एक सभासद डॉ. नारायण दाजी हे भाऊ दाजी लाड यांचे बंधु. त्यांचें घराणें आमच्या तेरेखोल खाडीपलीकडील मांद्रे गांवचें. पुढें कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं आपल्या पुत्रांसह सन १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ उभा केला. त्यांत खोली नव्हे, तर हालचाल दाखवीत. परंतु हातानें रंगविलेली एक काच दुसरीवर अचूक आणून बसविण्याची हातोटी त्याच जातीची होती. सन १९३९ मध्यें अमेरिकेंत व्ह्यू-मास्टर निघालें. पुढें मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीनें तें भारतांत बनविलें. त्याच्या एका चकतीवर चौदा इवलीं चित्रें, म्हणजे सात जोड्या असतात. मुंबईस नोकरीस असलेल्या आमच्या माणसांच्या ट्रंकेंतून तें कोंकणांतील मुलांच्या हातीं आलें असल्यास नवल नाहीं.

चकतीवरील जोड्या कारखान्यांत लागत. परंतु जे हौशी लोक सन १९४७ पासून मिळूं लागलेल्या ‘स्टिरिओ रिअलिस्ट’सारख्या कॅमेऱ्यानें स्वतः चित्रें घेत, त्यांपैकीं पुष्कळांस तीं हातानेंच बसवावीं लागत. या कॅमेऱ्याच्या फिल्मेवर एका जोडीच्या दोन चित्रांमध्यें भलतींच दोन चित्रें येतात. तेव्हां आधीं जोडीदार शोधून कापणें आलें. शिवाय कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्र उलटें पडतें. संपूर्ण पट्टी फिरवून सरळ केली, कीं डावें उजवीकडे जातें! म्हणून तुकडे अदलाबदल करून लावावे लागतात.

आपल्या किनाऱ्याचेंच उदाहरण घेऊं. सन १६६४ ते १६६७ या काळांत बांधलेला सिंधुदुर्ग मालवणच्या वाळूवरून टिपला, तर पेटींतही तो सपाट पडद्यासारखाच दिसतो. कारण दूरच्या वस्तूंत दोन डोळ्यांचा फरक उरत नाहीं. पुढें एखादी होडी असली, म्हणजे होडी व तट यांमधील पाणी मोकळें होतें. डाव्या चित्रांत ती होडी तटाच्या मानानें किंचित् उजवीकडे दिसली पाहिजे. तसें नसेल, तर बाजू चुकल्या. मग तट पुढें येतो व होडी त्याच्या पोटांत शिरते. दुसरा नियम, दोन्ही चित्रें एका पातळींत असावीं. डोळे आंतल्या बाजूस सहज वळतात; परंतु एक वर व एक खालीं वळविणें त्यांस जमत नाहीं, आणि केंसभर चुकीनेंही डोकें दुखूं लागतें. तिसरा नियम, तुकडे जवळ आणले तर देखावा पुढें येतो, दूर नेले तर मागें जातो. मात्र अतिदूरच्या बिंदूंमधील अंतर फार वाढल्यास डोळ्यांस बाहेर फांकावें लागतें. भिंगाखालीं, चिमट्यानें, श्वास आवरून करावयाचें हें काम!

आतां मुख्य गोष्ट. अशा चित्रामागें निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यांत जी फिल्म होती तीच ही. ती गेली, कीं सर्व गेलें. आणि जोडीतील एक गेलें, तरी खोली गेली. कोंकणची हवा तर तिची वैरीण. हवेंतील दमटपणा शेंकडा ६५ च्या वर फार दिवस राहिला, म्हणजे फिल्मेच्या जिलेटिनावर बुरशी पोसते व पुठ्ठ्याची चौकट वांकते. बुरशी लागलेलें जिलेटिन पाण्यानें पुसूं नये. तें विरघळून चित्रासह निघून जातें. कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून चित्रें ठेवावीं. कोडाक्रोम फिल्म धुण्याचें काम तर सन २०१० अखेर जगांतच बंद पडलें.

यास्तव आमची विनंति एवढीच. ज्यांच्या घरीं लग्नाचीं, सणाचीं, बंदरावरचीं अशीं चित्रें असतील, त्यांनीं तीं पेटींतून बाहेर काढावीं, निसटलेले तुकडे जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावेत, आणि प्रत्येक चौकटीवर पेन्सिलीनें डावी-उजवी बाजू, वर्ष, गांव व माणसांचीं नांवें लिहावीं. तुकडे पुढच्या पिढीसही जुळवितां येतील. परंतु होडीच्या नाळेवर बसलेला तो मुलगा कोण, हें सांगणारीं वृद्ध माणसें आज आपल्यांत आहेत. त्यांस आजच विचारावें.