वरच्या दुधाची गोष्ट

अंबरनाथच्या मोरिवलीहून लोकलने मुंबईला जाताना वाटेत शीव स्थानक लागते. तेथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ही पहिलीच. भुकटीचे डबे दुकानात सहज मिळत असताना अशा पेढीची गरज का पडली?

उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकात जाऊ. आईचे दूध न मिळालेली बाळे तेव्हा बहुधा दगावत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्ट व पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे मिश्रण सुचवले. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, पीठ व साखर यांचे बालान्न विकायला काढले. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. पुढे हे प्रमाण जुळवता आले. आईच्या दुधातील प्रतिपिंडे आणि जिवंत पेशी मात्र डब्यात भरता आल्या नाहीत.

गरीब घरात अडचण वाढते. महाग डबा पुरवून वापरायचा म्हणून भुकटी कमी पडते, पाणी उकळलेले नसते, निपल नीट धुतले जात नाही. बाळ अर्धपोटी राहते आणि हगवणीने खंगते. त्यातच बाळ चोखत नाही म्हणून आईचे दूध आटते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्येच सिंगापूरला डबाबंद दुधाच्या प्रचाराविरुद्ध इशारा दिला होता. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत केली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी जाळे उभे राहिले. १९९२ साली भारतात कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. जाहिरात आणि मोफत नमुने यांना त्याने बंदी घातली.

काही बाळांना आईचे दूध मिळूच शकत नाही, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा उपयोगी पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दूधपेढी हा आणखी चांगला आधार. तेथे दान मिळालेले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून, जंतुतपासणी करून गोठवून ठेवतात.

वर्गात एक रिकामा डबा आणा. त्यावर बाळाचे चित्र का नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. मग गणित घाला: चार दिवसांचा डबा आठ दिवस पुरवला, तर बाळाच्या पोटात रोज किती अन्न गेले?