कोरियांतील पहिला लोहमार्ग

ज्या दिवशीं एखाद्या देशांत पहिली आगगाडी धांवली, तो दिवस त्या देशानें आनंदाचा मानावा हें स्वाभाविक आहे. दक्षिण कोरियाच्या बाबतींत मात्र तसें निखळपणें म्हणतां येत नाहीं. सोल आणि इंचॉन या शहरांना जोडणारा लोहमार्ग १८ सप्टेंबर १८९९ रोजीं सुरू झाला, आणि पुढें अनेक वर्षें तेथें हाच दिवस रेल्वेदिन म्हणून पाळला गेला. परंतु २०१८ सालीं तेथील सरकारनें तो बदलला. ज्या मार्गावरून रोज लक्षावधि माणसें पोटापाण्यासाठीं जा-ये करितात, त्याचाच जन्मदिवस राष्ट्राला नकोसा कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर त्या मार्गाच्या इतिहासांत आहे.

या मार्गाला ग्योंगइन मार्ग म्हणतात. 'ग्योंग' म्हणजे राजधानी, आणि 'इन' हें इंचॉनच्या नांवाचें पहिलें अक्षर. राजधानी सोल हान नदीच्या कांठीं, समुद्रापासून आंत वसलेली. इंचॉन हें तिचें पीत समुद्रावरील बंदर. १८८३ सालीं तें परदेशी व्यापारास खुलें झालें, आणि त्या काळीं चेमुल्पो या नांवानें तें जगाला ठाऊक होतें. येथील भरती-ओहोटींतील अंतर जवळजवळ नऊ मीटर. त्यामुळें मोठीं जहाजें दूर उभीं राहत व माल लहान होड्यांनीं किनाऱ्यास आणावा लागे. तेथून पायीं राजधानी गांठावयाची तर दिवस मोडे; नदींतून आगबोटीनें जावयाचें तर भरतीची वाट पाहावी लागे. बंदर व राजधानी यांच्यामध्यें रूळ टाकण्याची कल्पना अनेकांना सुचली यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, ते रूळ टाकावयाचे कोणीं?

या प्रश्नामागें मोठें राजकारण होतें. १८९४ सालीं चीन व जपान यांचें युद्ध जुंपलें, आणि सोलमध्यें जपानी फौज बसलेली असतांना, त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें, कोरियन दरबाराकडून रेल्वेच्या हक्काविषयीं एक करारनामा करून घेण्यांत आला. पुढच्याच वर्षीं जपानी मारेकऱ्यांनीं राजवाड्यांत शिरून राणी मिन हिचा वध केला. राजा गोजोंग याला स्वतःच्या वाड्यांत राहणें धोक्याचें वाटूं लागलें, आणि फेब्रुवारी १८९६ मध्यें त्यानें रशियाच्या वकिलातींत आश्रय घेतला. तेथें असतांनाच, मार्चमध्यें, त्यानें सोल-इंचॉन लोहमार्गाचा हक्क जेम्स मोर्स या अमेरिकन व्यापाऱ्यास दिला. यामागें होरेस अॅलन या अमेरिकन मुत्सद्द्याची खटपट होती. दुबळ्या राजाजवळ दुसरा उपाय नव्हता. एका बलवानाची पकड ढिली करावयाची तर दुसऱ्याचा हात धरणें त्याला भाग होतें.

मात्र कोरियन सरकार अगदींच हातावर हात ठेवून बसलें होतें असें नव्हे. जुलै १८९६ मध्यें त्यानें रेल्वेचे स्वतःचे नियम केले, आणि त्यांत रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच ठरविलें. जपानांत त्या काळीं ३ फूट ६ इंचांचा अरुंद मार्ग रूढ होता. ग्योंगइन मार्ग मात्र रुंदच झाला, आणि आजहि तो तितकाच रुंद आहे.

२२ मार्च १८९७ रोजीं इंचॉनजवळ कामाचा मुहूर्त झाला. पण मोर्सजवळ हक्क होता, भांडवल नव्हतें. आणि जपानी धनिकांनीं तर हा हक्क विकत घेण्यासाठीं संघच उभारला होता. त्यांचे पुढारी शिबुसावा एइइची हे जपानच्या नव्या उद्योगधंद्यांचे एक जनक मानले जातात. अखेर मोर्सनें हक्क विकला. जें कराराच्या बळावर एका हातांतून निसटलें होतें, तें पैशाच्या बळावर पुन्हा त्याच हातीं आलें. इंचॉनपासून नोर्यांगजिनपर्यंत, म्हणजे हान नदीच्या दक्षिण कांठापर्यंत, सुमारें ३३ किलोमीटरांचा मार्ग तयार झाला. एंजिनें अमेरिकेंत बनलेलीं, स्टेशनें सात, आणि वेग ताशीं वीस किलोमीटरांच्या आसपास. आज हा वेग पाहून हंसूं येईल. परंतु दिवसभराची वाट पावणेदोन तासांच्या आंत सरूं लागली, ही सामान्य गोष्ट नव्हती. चाकांचा गडगडाट आणि खिडकींतून पळतांना दिसणारे डोंगर यांची वर्णनें त्या वेळच्या वृत्तपत्रांतून आलीं आहेत.

नदीवरील पूल १९०० च्या जुलैंत पुरा झाला व गाडी सोलपर्यंत पोंचली. या पुलाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मूळ हक्कपत्रांत अशी अट होती कीं, पुलाच्या कडेनें पायीं चालणारांसाठीं वाट ठेवावी. हक्क हस्तांतरित झाला तसा खर्चाचा हिशेब पुढें आला, आणि ती वाट गळली. आगगाडी नदीवरून जाऊं लागली. पण पायीं जाणाऱ्या माणसाच्या नशिबीं होडीच राहिली. त्याच्यासाठीं हान नदीवर पूल झाला तो १९१७ सालीं. या लोहमार्गाच्या आरंभीच्या धोरणाचा याहून नेमका पुरावा शोधण्याची गरज नाहीं.

मार्ग कोणाच्या कामीं यावयाचा होता हेंहि लवकरच दिसून आलें. फेब्रुवारी १९०४ मध्यें रशिया-जपान युद्धास तोंड लागलें. जपानी सैन्य इंचॉनला उतरलें आणि याच रुळांवरून राजधानींत शिरलें. १९१० सालीं कोरिया जपानी साम्राज्यांत सामील करून घेण्यांत आला. त्यानंतर इंचॉन बंदरांतून कोरियाचा तांदूळ जपानला जात राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत याच मार्गावरील बुप्योंग येथें जपानी लष्कराचा शस्त्रांचा कारखाना चालला. १९४५ सालीं देश मुक्त झाला, पण रुळांना स्वस्थता लाभली नाहीं. जून १९५० मध्यें कोरियन युद्ध सुरू होतांच हान नदीवरील पूल उडवून देण्यांत आले, आणि सप्टेंबरमध्यें इंचॉनच्या किनाऱ्यावर मित्रसैन्य उतरलें.

या सर्व काळांत मार्ग एकेरीच होता. १९६५ सालीं तो दुहेरी झाला, तेव्हांपासून त्याचें आजचें स्वरूप घडूं लागलें. योंगदुंगपो, गुरो, बुप्योंग या भागांत कारखाने वाढले, खेड्यापाड्यांतून माणसें आलीं, आणि बंदराची गाडी कामकऱ्यांची गाडी झाली. १५ ऑगस्ट १९७४ रोजीं या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्याच दिवशीं सोलमध्यें कोरियाचा पहिला भुयारी मार्ग खुला झाला. तो ७.८ किलोमीटरांचा होता, आणि दोहोंवरून एकच गाडी सलग धांवूं लागली. स्वातंत्र्यदिनाच्या त्या सकाळीं राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. ते वांचले, त्यांच्या पत्नी युक यंग-सू मरण पावल्या. उद्घाटनाचा समारंभ राष्ट्राध्यक्षांवांचूनच पार पडला.

या सलग वाहतुकींतील एक गंमत ऐकण्यासारखी आहे. वरच्या लोहमार्गाची वीज २५,००० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी; भुयारांतील वीज १,५०० व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी. दोहोंच्या सीमेवर थोडें अंतर वीजच नसते. सोल स्टेशन सोडून गाडी दक्षिणेकडे भुयाराबाहेर येतांना चालक वीज तोडतो, गाडी आपल्याच वेगावर तेवढें अंतर घरंगळत जाते, आणि पलीकडे दुसरी वीज घेते. जुन्या डब्यांतील बहुतेक दिवे त्या क्षणीं मालवत. दुसरी गोष्ट अशी कीं, ही गाडी डाव्या रुळानें चालते; सोलमधील पुढचे भुयारी मार्ग मात्र बहुतेक उजवीकडून चालतात. डावीकडून चालण्याची ही चाल जपानी अमदानींतील रेल्वेची. राज्यें गेलीं, तरी गाडीची संवय गेली नाहीं.

पुढें गर्दी इतकी वाढली कीं, भुयारी रेल्वेसाठीं असलेल्या कोरियन शब्दांतील एक अक्षर फिरवून लोक तिला 'नरकरेल्वे' म्हणूं लागले. यावर उपाय म्हणून रूळ चौपदरी करण्यांत आले. १९९९ सालीं बुप्योंगपर्यंत, २००२ सालीं जुआनपर्यंत आणि २००५ सालीं डोंगइंचॉनपर्यंत हें काम झालें. आतां जलद व धीम्या गाड्यांचे रूळ निराळे आहेत. शेवटचा इंचॉनपर्यंतचा तुकडा तेवढा दुहेरीच राहिला, म्हणून जलद गाड्या डोंगइंचॉनलाच थांबतात.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. १८ सप्टेंबर हा रेल्वेदिन ठरविला तो १९३७ सालीं, जपानी राजवटीनें. स्वतंत्र कोरियानें तो पुढें चालविला, पण ही गोष्ट अनेकांना बोंचत राहिली. २०१८ पासून रेल्वेदिन २८ जूनला पाळतात. कारण १८९४ सालीं कोरियन सरकारनें स्वतःचें रेल्वे खातें स्थापन केलें, त्याची ही तिथि. तेव्हां त्या खात्याजवळ एक फूटभरहि रूळ नव्हता. तरी जो रूळ दुसऱ्याच्या हेतूनें पडला, त्यापेक्षां जो आपल्या मनांत प्रथम आला त्याचा दिवस साजरा करावा, असें त्या राष्ट्राला वाटलें.

हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु दिनदर्शिकेंतील दिवस बदलला, तरी रूळ तेच आहेत. बांधणाराचा हेतु एक असतो, वापरणाराची गरज दुसरी. फौज आणि तांदूळ वाहण्यासाठीं उपयोगांत आलेल्या मार्गावरून आज विद्यार्थी, कारकून व कामगार घरीं परततात. आणि त्यांतील कोणाचेंहि तिकीट साम्राज्याच्या नांवाचें नाहीं. मार्गाची मालकी कागदावर एका दिवसांत बदलते. पण तो खरोखर लोकांचा होण्यास पिढ्या जाव्या लागतात. ग्योंगइन मार्ग तसा झाला आहे. म्हणून त्याचा इतिहास सांगतांना हे दोन्ही हिशेब शेजारीं शेजारीं मांडले पाहिजेत. एकानें दुसरा पुसला जात नाहीं.