केसपेपर आणि दहा खाटा

मुलुंडचे काटकोनी रस्ते १९२२च्या सुमारास आखले गेले आणि १९५७ साली मुलुंड बृहन्मुंबईत आलं. पुढे इथे मोठी रुग्णालयं उभी राहिली, तरी ताप-खोकल्याला पहिली धाव असते ती फॅमिली डॉक्टरकडेच. मिश्रणाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर गेला, केसपेपर मात्र टिकला. म्हणून हे डॉक्टर तंत्रज्ञानाला बिचकतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ग्लुकोमीटर त्यांनी आपणहून घेतला, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाहायला लागले. त्यासाठी कुणाला परिपत्रक काढावं लागलं नाही. टाळलं ते एकच: बाहेर रांग लागलेली असताना दुसऱ्या कुणासाठी माहिती भरत बसणं.

याचा पुरावा मुंबईच्याच क्षयरोग मोहिमेत सापडतो. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं, ‘निक्षय’ ही ऑनलाइन प्रणालीही आली. नुसत्या सक्तीने फारसं काही हललं नाही. २०१४ पासून पालिकेच्या साथीने ‘पाथ’ या संस्थेने मुंबईत वेगळी वाट धरली. डॉक्टरने फोन करायचा, नोंदीची उस्तवार कॉल सेंटरने करायची आणि रुग्णाला व्हाउचरवर औषधं मोफत. खासगी दवाखान्यांतल्या नोंदी झपाट्याने वाढल्या. डॉक्टर तेच होते, बदललं होतं ते काम कुणाच्या गळ्यात पडतं हे.

यावर आक्षेप येतो की खरी भीती आयकराची आणि खटल्यांची आहे. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, तेव्हापासून लेखी नोंद नकोशी झाली. यात तथ्य नाही असं नाही. पण खटल्यात डॉक्टरला वाचवते तीही नोंदच. शिवाय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनी संगणकीकरणाचे प्रयत्न करा असं सांगितलं खरं, पण तीन वर्षं कागद जपण्याची अट घातली ती दाखल रुग्णांपुरती. दवाखान्यातला रुग्ण तेव्हाही हिशेबाबाहेरच राहिला. त्याचं नुकसान खरं आहे: डॉक्टर निवृत्त झाला की कुणाला पेनिसिलिन चालत नाही ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन हवंच होतं. मात्र डिजिटल नोंदींसाठी पैसे देणारी योजना जानेवारी २०२३ पासून लागू झाली, तेव्हा रुग्णालयांना किमान १० खाटांची अट होती. फॅमिली डॉक्टरकडे असतं तपासणीचं एक टेबल.